पुण्याजवळच्या त्या वीटकराबद्दल

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड. ‘जगातली पहिली प्लास्टिक सर्जरी सुश्रुतांची’, खाली झेंडे, त्याखाली जोडलेले हात. आणि चित्र कुणाचं लावलंय? कावसजीचं! अहो, ते चित्र १७९४ सालचं आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबरच्या अंकात एका पत्रासोबत छापलेलं. त्या माणसाला नाक बसवलं ते पुण्याजवळच्या एका वीटकरानं, म्हणजे विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं. त्या वीटकराचा साधा उल्लेख या फॉरवर्डांमध्ये मी आजवर पाहिलेला नाही.

कावसजी इंग्रज फौजेत बैल हाकायचा. (नाव पारशी वाटतं, पण पत्रात शेतकरी जातीचा मराठा म्हटलंय.) १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. बारा महिने तसाच राहिला, मग या वीटकराकडे आला. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं, म्हणून निदान पायऱ्या तरी आपल्यापर्यंत पोचल्या.

वाचा त्या एकदा. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून त्याला नाकाचा घाट द्यायचा. तो काढून सपाट करायचा, कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची. रेघेबरहुकूम कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधला अरुंद देठ कापायचा नाही. सगळं कसब त्या देठात आहे. नव्या जागी धरेपर्यंत कातडी त्यातून येणाऱ्या रक्तावर जगते. मग बुंध्यावरचा जुना व्रण कापून काढायचा आणि त्याच्या लगेच मागे, नाकपुड्यांच्या कडेनं वरच्या ओठापर्यंत खाच घ्यायची. कपाळाची कातडी अर्धा वेढा देऊन खाली आणायची, नाहीतर केसाळ-कोरडी बाहेरची बाजू आत जाईल, आणि तिची कडा खाचेत बसवायची. काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा, पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. रोगी पाच-सहा दिवस उताणा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. देठ कापायचा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास.

यातली एकही पायरी सहज आलेली नाही. देठ आधीच कापला की कातडी काळी पडून झडते. वेढा जास्त पिळला गेला तर रक्त अडतं आणि तेच होतं. बोळे घातले नाहीत तर व्रण आवळत जातो आणि नाकपुड्या बुजतात. मेणाचा साचा तोकडा घेतला तर नाक आणखी तोकडं होतं, कारण सोडवलेली कातडी आक्रसते. हे ज्याला कळलं, त्यानं कधीतरी नाकं बिघडलेली पाहिली असणार, स्वतःची किंवा गुरूची.

सुश्रुतांचा मान मी कमी करत नाही, उलट तुम्हीच त्यांना वाचत नाही याचा राग आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थान या भागाच्या सोळाव्या अध्यायात नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्या म्हटलंय. कातडी मात्र गालाची. कपाळाची नाही! आत दोन नळ्या, वर पतंग (लाल लाकडाचं औषधी झाड), ज्येष्ठमध आणि अंजनाची पूड, पांढरा कापूस, आणि तिळाचं तेल पुन्हा पुन्हा. त्याआधी नवव्या अध्यायात शिष्यांचा सराव आहे: कापणं कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, कलिंगडावर, शीर टोचणं मेलेल्या जनावराच्या शिरेवर नि कमळाच्या देठावर, शिवण कापडावर, पट्टी बांधणं बाहुल्यावर. एकशे एक यंत्रं सांगतात आणि वर म्हणतात, सगळ्यांत मुख्य यंत्र हात. झेंड्याखाली हे का येत नाही?

म्हणजे पानाच्या जागी मेण आलं, गालाच्या जागी कपाळ आलं. कपाळ जवळ, कातडी सपाट, भुवईच्या आतल्या कोपऱ्यातून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या थेट देठात. आजही नाकाचा मोठा भाग गेला की सर्जन कपाळाचीच कातडी घेतात आणि तीनेक आठवड्यांनी देठ कापतात. ही सुधारणा कागदावर झाली नाही, ती कावसजीसारख्यांच्या चेहऱ्यांवर झाली. पोथी पाठ करणाऱ्यांनी रक्त-पुवाला हात लावणं हळूहळू सोडलं आणि कापाकापीचं काम माती तुडवणाऱ्यांच्या हाती राहिलं. आपण नावं मात्र पोथीवाल्यांचीच लक्षात ठेवली. याची लाज वाटायला हवी, आणि ती मला वाटते.

हो, भूल नव्हती. सुश्रुत मद्य पाजायला सांगतात, त्यानं किती भागणार. जंतूंची कल्पना नव्हती, तेही मान्य. इटलीत ताल्याकोत्सी या सर्जननं १५९७ मध्ये दंडाच्या कातडीनं नाक करण्यावर अख्खा ग्रंथ छापला होता, हेही खरं. पण त्यात रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. लंडनच्या कार्प्यू या सर्जननं हिंदुस्थानातल्या या पद्धतीची हकीगत ऐकली-वाचली, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये कपाळाच्या कातडीनं नाक केलं. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात आहे.

वीटकराचं नाव पत्रात छापलंच नाही. नुसती जात छापली. मेण हातात घेऊन तो कावसजीसमोर बसला असेल तेव्हा आधी त्याचा चेहरा नीट न्याहाळला असेल. नाक गेलेल्या माणसाकडे वर्षभर कुणी धड पाहिलं नसेल, आणि याला तर घाट काढायचा म्हणून पाहणं भागच होतं. सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

फॉरवर्ड करायचाच असेल तर चित्राखाली एवढं तरी लिहा: हे नाक पुण्याजवळच्या एका वीटकरानं बसवलं. मेण, काथ, तूप, पंचवीस दिवस.