लाडूच्या दोन स्टारबद्दल आमच्याकडून

नमस्कार ताई, तुमचा लॅब्रॅडॉर कुत्रा लाडू आमच्याकडे बोर्डिंगला राहून गेला, त्याचा रिव्ह्यू वाचला. स्टार दोन दिलेत त्याचं काही नाही, पण खाली जे लिहिलंय ते वाचून इतर लोक फोनवर विचारायला लागलेत म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लाडूला आमच्या वाडीत कंटाळा आला, व्हिडिओत बघावं तेव्हा झोपलेलाच, फिरायला नेतात म्हणे पण अर्ध्या तासात शेजारच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पुढे जात नाहीत, गुहागरचा एवढा बीच जवळ असून मोकळा सोडला नाही, खेळणी-कपडे दिले तसे परत आले, वाढदिवसाचा केक दिला नाही, व्हिडिओ कॉल करू देत नाहीत, आणि घरी आला तो माशाचा वास घेऊन.

शेवटचं आधी घेते कारण ते शंभर टक्के खरं आहे. निघायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढून झाली होती, वाळूत दोन-चार सडक्या तारल्या (छोटे तेलकट मासे) पडल्या होत्या आणि लाडूने आधी खांदा टेकवला, मग पाठ, मग चारी पाय वर करून असा काही लोळला की मी दोरी आवरेपर्यंत कानामागेसुद्धा चोळून झालं होतं. आल्यावर डॉग शाम्पूने दोनदा धुतला, पण तारलीचं तेल आहे ते, त्याच्या अंगावरून एका दिवसात जात नाही. तेव्हाचा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे बघा, आणि त्याचं तोंड बघून कंटाळला होता का ते सांगा. आपल्याला घाण वाटते, त्यांना ते अत्तर वाटतं, त्याला आपण काय करणार.

आणि ती तारली होती म्हणून मी हसतेय, केंड मासा असता तर हसले नसते. जाळ्यात आलेला केंड लोक तिथेच टाकून देतात, तो विषारी असतो, कुत्र्याने चावून खाल्ला तर जीवावर बेततं. लॅब जातीचं तोंड किती चालू असतं ते मी तुम्हाला काय सांगणार. शिवाय मोकळं सोडलेलं कुत्रं लाटांशी खेळता खेळता खारं पाणी पितं आणि रात्रभर उलट्या-जुलाब. शिवाय तुम्ही मार्चमध्ये आलात, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम असतो, रात्री माद्या वाळूत अंडी घालून जातात, कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात, आणि ती आधी कुत्र्यांना सापडली तर उकरून टाकतात. त्यामुळे दोरी, मग ते कुत्रं कितीही गुणी असो. दुपारी तर नाहीच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांना येतो, बाकी सगळा कारभार धापेवर, आणि कोकणातल्या दमट हवेत धापेनेपण अंग लवकर थंड होत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेची सवय असलेला दाट केसांचा लॅब दुपारी बारा वाजता तापल्या वाळूवर पळवला तर रीलपुरतं छान दिसेल, संध्याकाळी मला डॉक्टर शोधायला लागेल.

आता गडगा. हा मुद्दा मला जरा लागला कारण त्या फिरण्यावरच आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तुमच्याकडे सोसायटीत तो साहेबांबरोबर जॉगिंगला जातो, पट्टा आखूड, मान सरळ, वीस मिनिटांत दोन किलोमीटर, बरोबर ना? इथे पहिल्या दिवशी तसाच चालला, मान खाली न घालता. दुसऱ्या दिवशी मी लांब दोरी बांधली आणि नुसती मागे मागे गेले. चिऱ्याच्या गडग्याला कोपऱ्यात एक भोक आहे, मुंगसाची जायची वाट, तिथे नाक घातलं ते काढेचना. नाकपुड्या फुरफुरतायत, शेपूट आडवी ताठ, मग दोन पावलं पुढे, परत मागे, त्याच चिऱ्याची वरची बाजू, मग खालची, मग एक पाय वर, मग पालापाचोळा मागे उडवून पुढच्या पोफळीला. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे 10 ते 30 कोटी. म्हणजे आपल्याला जिथे रिकामा गडगा दिसतो तिथे त्याला रात्री कोण आलं, कुठून आलं, नर की मादी, सगळं कळत असतं, आणि आपण "चल चल" करून ओढतो. अर्धा तास हुंगून आला की घटाघटा पाणी पितो आणि न्हाणीमागे ओलाव्याला स्वतः उकरलेल्या खड्ड्यात पोट टेकून आडवा. तुम्ही व्हिडिओत बघितलीत ती झोप ही होती.

झोपेचं तर मोठ्या कुत्र्याचं दिवसरात्र मिळून 12 ते 14 तासांचं गणित असतं, घरात माणसं, टीव्ही, डोअरबेल, लिफ्टचा आवाज यात ते कधी पुरं होत नाही. इथे जेवण वेळेवर, फिरणं वेळेवर, मधे कोणी उठवत नाही. पुढे काय होणार हे कुत्र्याला माहीत असलं की ते निवांत होतं. कंटाळलेलं कुत्रं कसं असतं ते आम्ही बघतो ना, दाराची चौकट कुरतडतं, पंजे चाटून लाल करतं, उगाच भुंकत राहतं. लाडूने यातलं काहीही केलं नाही.

कपडे गरमीत घातले नाहीत, गॉगल तर बाईसाहेब खरंच नाही. खेळण्यांपेक्षा त्याला सोडणातला, म्हणजे न सोललेला, नारळ आवडला. केकमध्ये मनुका होत्या, मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून जसाच्या तसा परत दिला, आणि वाढदिवसाला चिकन-भात दिला, बिनकांद्याचा, बिनमिठाचा. तो त्याने ताट ढकलत ढकलत पडवीच्या टोकापर्यंत नेऊन चाटला.

व्हिडिओ कॉल आम्ही कुणालाच देत नाही. एकदा तुमच्या आग्रहामुळे ह्यांनी फोन धरला होता, आठवत असेल. तुम्ही "लाडूऽऽ" म्हणालात, त्याने स्क्रीनकडे बघितलंपण नाही, आवाज कुठून आला ते शोधायला आधी ओटीवर, मग बेड्याजवळ, म्हणजे फाटकाजवळ, जाऊन उभा राहिला आणि रात्री जेवला नाही. तुम्हाला बरं वाटलं, त्याचा एक दिवस गेला. व्हिडिओ हवे तेवढे पाठवू, दिवसातून तीनदापण पाठवू, पण आवाज नको.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, कारण ठरलेलं सगळं दिलंय. पुढच्या वेळी आणायचा असेल तर गणपती-दिवाळीत आम्ही बोर्डिंग घेत नाही, गावात फटाके वाजतात. पावसाळ्यात आणाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस आजाराची) लस झालेली पाहिजे, कार्ड बघितल्याशिवाय बेड्याच्या आत घेत नाही, आणि गोचिडाचं औषध निघण्याआधी द्या. पिशवीत त्याची रोजची चादर ठेवा, न धुतलेली.