बोरलॉग यांचा गहू ‘हायब्रीड’ नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे अमेरिकी गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘शेतकरीपुत्र’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचं सार असं : “ताई, आरती छान ओवाळलीत. बोरलॉगच्या हायब्रीड गव्हाने शेतकऱ्याला दरवर्षी बियाण्याच्या दुकानासमोर उभं केलं. जमीन युरियाने नासली, पाणी संपलं, आपली खपली ही जुनी गव्हाची जात गेली आणि शेवटी गळ्यात फास आला. तो बुटका गहूसुद्धा त्याचा स्वतःचा नव्हताच. तुम्ही कधी गव्हाच्या साऱ्यात पाय घातलाय का?”

शेतकरीपुत्र, तुमचं जे बरोबर आहे ते आधी. बुटकेपणा बोरलॉग यांनी शोधला नाही. नोरिन-१० हे बुटकं वाण जपानमध्ये गोंजिरो इनाझुका यांनी तयार केलं, ते १९३५ साली बाहेर आलं. महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोहोचलं, तिथे वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले आणि त्यांच्याकडून बियाणं मेक्सिकोत बोरलॉग यांना मिळालं. लेखातलं माझं त्याबद्दलचं वाक्य ढिलं होतं. दुरुस्त केलंय, तुमचे आभार.

आता ‘आरती’. मी एका माणसाच्या आयुष्याबद्दल पंधराशे शब्द लिहिले. त्यात १९४४ साली त्याचं मेक्सिकोला जाणं होतं, तिथल्या सोनोरा राज्यातल्या पडक्या संशोधन केंद्रात राहणं होतं, वरिष्ठांशी भांडून राजीनामा देणं होतं. त्यातल्या एकाही मुद्द्याला तुम्ही हात लावला नाहीत. आरती म्हणून मोकळे झालात. आमच्याकडे ताई मायेनं म्हणतात. तुमच्या ‘ताई’त ‘तुला काय कळतंय’ असं ऐकू येतं, आणि ते मला लागलं. असं बोलायचं असेल तर खरं नाव लावून बोला.

साऱ्यात पाय घातलाय का? आमची चार एकर निफाड तालुक्यात. बारावीनंतर दोन रब्बी हंगाम मी एका गहू संशोधन प्रक्षेत्रावर रोजंदारीला होते. काम होतं ओंब्यांचं खच्चीकरण. ओंबी पोटरीतून बाहेर आली, पण फुलली नाही, अशा वेळी ती धरायची. मधली फुलं खुडायची, कडेची दोन-दोन ठेवायची. वरचं टोक कात्रीने कापायचं आणि चिमट्याने प्रत्येक फुलातले तीन पुंकेसर काढायचे. ते हिरवे असतानाच निघाले पाहिजेत. एक जरी पिवळा होऊन फुटला तरी ती ओंबी वाया. मग कागदी पिशवी चढवायची, टाचणी लावायची, पेन्सिलीने तारीख लिहायची. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाची फुलोऱ्यातली ओंबी आणून तिचे पराग त्यावर झटकायचे. मान मोडायची आणि कुसळांनी मनगटं सोलून निघायची. एका ओंबीत वीस-पंचवीस दाणे भरले तर साहेब खूश. बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या पहिल्या दहा वर्षांत असे सहा हजारांवर संकर केले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी मान आपोआप दुखायला लागली होती.

हे सगळं सांगितलं ते तुमच्या त्या ‘हायब्रीड गव्हा’च्या वाक्यासाठी, कारण त्यात तुमची गल्लत झाली आहे आणि ती सगळीकडे होते. संकर करणं वेगळं आणि संकराची पहिलीच पिढी संकरित, म्हणजे हायब्रीड, बियाणं म्हणून विकणं वेगळं. गव्हाचं फूल मिटलेलं असतानाच स्वतःच्याच परागाने फळतं. दोन वाणांचा संकर केला, तर पुढच्या पिढ्यांत उंच-बुटकी, तांबेरा रोगाला बळी पडणारी आणि तगणारी अशी सगळी झाडं वेगवेगळी होऊन समोर येतात. त्यातली हवी ती निवडत गेलं की पाच-सात पिढ्यांनी वाण स्थिर होतं. मग आजचा दाणा पेरा किंवा पाच वर्षांनी पेरा, झाड तेच. अशा वाणाला सरळ वाण म्हणतात. सोनोरा-६४, लेर्मा रोहो-६४, कल्याणसोना, सोनालिका ही सगळी सरळ वाणं. यांतल्या एकाही वाणाने कुणाला दरवर्षी दुकानात जायला भाग पाडलं नाही.

आणि या पाच-सात पिढ्यांची वाट लांबते म्हणूनच बोरलॉग वरिष्ठांशी भांडले. त्यांना वर्षाला दोन पिकं घ्यायची होती : हिवाळ्यात सोनोराच्या याकी खोऱ्यात, जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि उन्हाळ्यात टोलुकाच्या अडीच हजार मीटरवरच्या पठारावर. दाण्याला मध्ये विश्रांती लागते, असं तेव्हा पुस्तकात होतं. त्यांनी ऐकलं नाही. वेळ निम्मी झाली आणि शिवाय न मागता एक गोष्ट हाती आली. दोन्हीकडे टिकलेल्या झाडांना दिवस लहान की मोठा याचा फरक पडेनासा झाला. म्हणून मेक्सिकोतला गहू आपल्याकडे रुजला.

तो पसरला कसा, तेही बघा. १९६६ साली भारताने अठरा हजार टन बियाणं आणलं, एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते एकदाच. पुढचं आपल्याच शेतकऱ्यांनी वाढवलं. दिल्लीजवळचं जौंती हे अख्खं गाव बियाण्याचं गाव झालं होतं. लाल दाण्याची पोळी लोकांना आवडेना, तेव्हा आपल्याच शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून आलेल्या बियाण्यातून पिवळसर दाण्याची कल्याणसोना आणि सोनालिका निवडली. १९६५ला सव्वाबारा दशलक्ष टन असलेला देशाचा गहू १९७०ला वीस दशलक्षांवर गेला.

आमच्या घरी कल्याणसोनाचं बियाणं माझी आई ठेवायची. कापणीआधी ती साऱ्यातून एकटी फिरायची, भरल्या ओंब्या ओच्यात खुडायची, त्या वेगळ्या बडवायची. दाणे उन्हात कडक वाळवून राखेत घोळायचे, मडक्यात भरायचे, वर कडुलिंबाचा पाला आणि तोंड शेणामातीने लिंपून घ्यायचं. एकदा आणलेलं बियाणं आठ वर्षं चाललं. नवव्या वर्षी तांबेरा आला. पानावरून बोट फिरवलं की विटकरी पूड लागायची. आईच्या पांढऱ्या लुगड्याला ते डाग पडले होते. मग वडिलांनी वाण बदललं. ते बदलायला लावलं तांबेऱ्याने, दुकानदाराने नाही. बोरलॉग आयुष्यभर ज्याच्याशी झगडले तो हाच रोग. युगांडातून निघालेल्या नव्या काळ्या तांबेऱ्याबद्दल ते नव्वदी ओलांडल्यावरही जगाला सावध करत फिरत होते. २००९ साली गेले.

तुमच्या घरची पोळी बहुधा लोकवनची असेल. ते लोक-१, गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत झालेलं. त्याची एक बाजू सोनालिका, दुसरी छोटी लेर्मा. दोन्ही मेक्सिकोकडच्या. हा गहूही लोक वर्षानुवर्षं घरचाच पेरतात.

तुमचा घोळ कुठून आला ते मला माहीत आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० साली सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस काढला. ते बियाणं खरंच दरवर्षी नवं घ्यावं लागतं. तेव्हापासून गावात जे नवं ते हायब्रीड. टोमॅटो हायब्रीड, कोंबडी हायब्रीड. गावच्या बोलण्यात चालतं. कुणावर शेतकऱ्याच्या फासाचा आरोप करताना चालत नाही. विदर्भातल्या आत्महत्यांचा हिशेब गव्हाच्या पैदासकाराकडे मागणं मला मान्य नाही आणि त्यावर मी इथे वाद घालणार नाही. माझ्या चुलत्यांच्या घरी ते घडलंय. तो शब्द असा ओघात वापरू नका.

युरिया, पाणी वगैरेवर लेख वेगळा होईल. बुटकं धाट खत घालूनही लोळत नाही, त्याचा फायदा कुणी कसा घेतला हा धोरणाचा प्रश्न आहे. स्वतः बोरलॉग यांनीही १९७०च्या नोबेल भाषणात या यशाला तात्पुरतंच म्हटलं होतं.

फक्त खपलीबद्दल एक. बोरलॉग यांचे मिनेसोटातले गुरू एल्व्हिन स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला होता. त्यातल्या एका गव्हाचं नाव ‘खपली’. आपलीच, याच नावाने. मिनेसोटातल्या शिक्षकाच्या संचात ती वाढली, तांबेऱ्याला प्रतिकार करणारी तिची जनुकं पैदासकार आजही वापरतात, आणि तुम्ही म्हणता या लोकांनी तिला संपवलं. सांगली-साताऱ्याकडे ती अजून पेरतात. मागच्याच दिवाळीत माझ्याकडे तिची खीर झाली.

प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू द्या. पण आता एक करा. तुमच्या गव्हाची मागच्या हंगामातली पिशवी घरात असेल, प्रमाणित बियाण्याची असेल तर तिला निळी चिठ्ठी असेल. त्यावर वाणाचं नाव असतं. ते वाण संकरित आहे का, हे कुठल्याही कृषी सहायकाला विचारा आणि त्याने काय सांगितलं ते इथेच खाली लिहा. चिठ्ठीचा फोटोही टाका.