अलग कॉलोनी

आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. सुरू झाली पाण्याच्या टाकीवरून आणि येऊन थांबली आमच्या राजांवर. राजे म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय 29, ऑटिझम आहे, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीये. लिफ्टचं दार नीट लागलं का ते तो तीनदा उघडून लावून बघतो, खडाखड आवाज होतो, होतो ना, कबूल. तर दुसऱ्या मजल्यावरचे अंकल पोह्यांवर शेव घेता घेता इतक्या सहज बोलले, "देखो भाईसाब, बुरा मत मानना, पर ऐसे लोगों की अलग कॉलोनी होनी चाहिए." दोनचार जणांनी माना पण हलवल्या. बाबा गप्प. ते नेहमीच गप्प बसतात आणि घरी येऊन बीपीची गोळी घेतात.

मी आल्या आल्या भांडी आपटून घेतली. आणि भांडी आपटताना लक्षात आलं की सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय, तर अशी कॉलनी मी स्वतः कितीतरी वर्षं मनात बांधतेय, आणि या माणसाने ती शिवी म्हणून वापरली!

माझ्या कॉलनीत घरं थोडीच, दहाबारा. जिना, गेट, रस्ता दोन-दोन, म्हणजे ज्या दिवशी कोणाचं तोंड बघायचं नाही त्या दिवशी मागून निघून जाता येईल. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइट नाहीत. बेल वाजत नाही, नुसता दिवा लागतो. गेटपाशी मोठा फळा, त्यावर उद्या काय काय वेगळं होणारे ते चित्रं काढून, लाईट जाणार, टँकर येणार, रंगवाला येणार, कारण आमच्या राजांना बदलाचा त्रास नाही, न सांगता झालेल्या बदलाचा आहे. (तो तर मला पण आहे.) पाहुण्यांसमोर "नमस्कार कर, नमस्कार कर" नाही. आता कोणाला शांतता हवी आणि कोण दिवसभर मोठ्याने हूं हूं करणार, आमचेच करतात, तर या दोघांना शेजारी शेजारी कसं ठेवायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

हवेतल्या गप्पा नाहीत या. कॅलिफोर्नियात सोनोमा गावात 2013 पासून असं आहे, चार घरं, ऑटिझम असलेली 16 मोठी माणसं, पूर्ण डिझाइनच त्यांच्या कान-डोळ्यांचा विचार करून. आपल्याकडे पण ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा 1999 चा आहे, आईबाबांनंतर राहायची सोय व्हावी म्हणून घरौंदा नावाची योजना आहे. कागदावर सगळं आहे. पालकत्वाचा कागद आम्ही पण काढलाय, कलेक्टरच्या कमिटीकडून. पण पालक म्हणून ज्यांची नावं आहेत ते एक 68 आणि एक 64. आणि नातेवाईक माझ्याकडे बघून म्हणतात, "ताई आहे की."

आहे. ताई आहे. पण ताई म्हणजे कॉलनी नव्हे हो.

आता ती कचरागाडीची गोष्ट सांगतेच, ज्यांनी ऐकलीये त्यांनी परत ऐका. इंदूरात कचरागाडी गाणं वाजवत येते, आमच्याकडे सकाळी सव्वासातला. राजे सातलाच खाली. आख्ख्या मजल्याचे डबे घेऊन. ओला, सुका, प्लास्टिक, डायपर-पॅड, ई-कचरा, औषधं-बल्ब, सहाही प्रकार वेगळे, कोणी चुकीचं टाकलं असेल तर हा काढून नीट करतो. शहर स्वच्छतेत नंबर एक येतं तेव्हा सगळे स्टेटस ठेवतात, पण आमच्या बिल्डिंगचा नंबर कोणामुळे येतो ते विचारा. तर मागच्या पावसाळ्यात एक दिवस गाडीचा भोंगा बंद पडला. गाडी आली, गाणं नाही. गाणं नाही म्हणजे ती गाडीच नाही! हा डबे देईना, थरथरायला लागला, कानावर हात, मागे हॉर्न, बाल्कनीत प्रेक्षक. मी तीन मजले धावत उतरले तर गाडीवरचा तो हेल्पर पोरगा, असेल वीसबावीसचा, गाडीवरच उभा राहून ते आख्खं गाणं स्वतः म्हणत होता. बेसूर. शेवटपर्यंत. मग राजांनी एकेक डबा दिला.

त्या पोराला ऑटिझम हा शब्द तरी माहीत असेल का, कोण जाणे.

म्हणून मी अडकते, वेगळी कॉलनी हवी की नको. 1943 मध्ये अमेरिकेतले मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॅनर यांनी ऑटिझमवर गाजलेला पेपर लिहिला, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, तो पुढे मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावातच राहिला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, 2023 मध्ये 89 वर्षांचा होऊन गेला. बँक आईच्या माहेरची होती, हो, माहितीये, पैसा होता. पण गावाने त्याला वेगळ्या कॉलनीत नाही टाकलं, गावच थोडं सरकून बसलं. आणि बायपासच्या पलीकडे उंच भिंत घालून बांधलं की आत काय चाललंय ते कोण बघणार, हे आई म्हणते ते पण खोटं नाही. म्हणून माझी कॉलनी रामबागेत नाहीतर सुदामानगरात, गावाच्या मधोमध, सव्वासातची गाडी जिथे येते तिथे. जागेचा भाव विचारू नका, हसाल.

आणि ऑटिझम असलेल्यांना म्हणतात तो "स्वमग्न" शब्द तर माझ्यासमोर वापरूच नका. स्वतःत मग्न मीटिंगमधले होते. आमच्या राजांना कोणाच्या डब्याला कडी नाही, कोणाची औषधाची पाकिटं वाढलीयेत, सगळं दिसतं.

भांडायलाच जाणार होते मी खाली, खरं सांगते. पण बाबा झोपलेत आता. पावणेबारा झाले. राजांनी उद्याचे डबे दाराशी लावलेत, हिरवे भिंतीकडून, निळे बाहेरून. दुसऱ्या मजल्याचा एक निळा डबा पण आपल्याकडेच आहे, काल त्याचं झाकण तुटलं होतं, याने दोऱ्याने बांधून ठेवलंय. अंकलचाच आहे तो.