बुधवारच्या जेवणावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘सडेतोड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,

गेल्या आठवड्यात मी आमच्या रोटरी क्लबच्या बुधवारच्या दुपारच्या मीटिंगबद्दल लिहिलं होतं. जुलै उजाडला की रोटरीचं नवीन वर्ष सुरू होतं. नव्या अध्यक्षांनी पहिल्यांदा घंटा वाजवली, सार्जंटनी, म्हणजे मीटिंगमध्ये गमतीचे दंड लावून पैसे गोळा करणाऱ्या सदस्याने, पहिला दंड त्यांनाच लावला आणि सगळा हॉल हसला, एवढंच त्या लेखात होतं. त्यावर आपली लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की हे वरच्या वर्गाचे चोचले आहेत. वर्गणी मुद्दाम एवढी ठेवतात की साध्या माणसाला आत येता येऊ नये. प्रकल्प फोटोपुरते असतात, हिशेब बाहेर येत नाही, बायकांना पाहुण्यांच्या स्वागतापुरतं वापरतात. जेवणाचे पैसे थेट एखाद्या शाळेला द्यावेत. आणि मधोमध हे वाक्य: “पन्नाशी उलटलेली माणसं एकमेकांना खोटे दंड लावून खिदळतात आणि याला सेवा म्हणतात, हा शुद्ध पोरकटपणा आहे.”

आधी सुराबद्दल. मी नावानिशी लिहितो, माझा फोटो वर आहे. आपण टोपणनावामागून लिहिता आणि ज्यांना कधी भेटला नाहीत त्यांना ‘खिदळणारे’ म्हणता. त्यांतले कित्येक जण वयाने आपल्या वडिलांच्या जागी असतील. टीकेला माझी ना नाही. या ब्लॉगवर रोटरीबद्दल याहून बोचऱ्या गोष्टी लोकांनी लिहिल्या आहेत आणि मी त्या तशाच ठेवल्या आहेत. पण मुद्दा मांडणं वेगळं आणि माणसाचा पाणउतारा करणं वेगळं. हा फरक आपल्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. मग तो पाळला का नाही, हा माझा प्रश्न आहे.

एक गोष्ट मान्य करतो. पाहुण्या वक्त्यांची ओळख करून देताना अख्खा बायोडेटा वाचला जातो आणि त्यांच्या भाषणाला वीस मिनिटंही उरत नाहीत, असं आपण लिहिलंत. ते खरं आहे. ऑफिसातून तासाभरासाठी आलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो. बोर्ड मीटिंगमध्ये मी हा विषय काढणार आहे.

आता ‘पोरकटपणा’.

आमच्याकडे साडेबाराला जेवण लागतं आणि एकच्या ठोक्याला अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत, पाहुण्यांची ओळख, सेक्रेटरींच्या सूचना, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस होतात, मग सार्जंट उठतात. आमचे सार्जंट बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेत. हातात स्टीलचा कडीचा डबा. कोणी कोटाला रोटरीची पिन लावायला विसरला, दंड. मोबाइल वाजला, दंड. पेपरात फोटो आला, दंड. नवीन गाडी घेतली आणि क्लबला सांगितलं नाही, तर दुप्पट. आणि सलग दोन बुधवार त्याच टेबलावर, त्याच माणसांबरोबर बसलात तरी दंड. हा शेवटचा नियम नीट वाचा. हसत हसत लावलेल्या या एका दंडामुळे आमच्याकडे सर्जन आणि हार्डवेअरवाला, वकील आणि क्लासेसवाले सर एका टेबलावर येतात. नोटीस काढून हे झालं नसतं. नोटीस काढल्या की लोक कोपरे धरून बसतात, हे कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दिसतं.

दंडानंतर ‘हॅपी मनी’ असतं. ज्याच्या आयुष्यात त्या आठवड्यात काही चांगलं घडलं तो स्वतःहून उठतो, एक वाक्य सांगतो आणि डब्यात नोट टाकतो. मागे एकदा आमच्यातले एक अबोल सदस्य उभे राहिले. महिनाभर आई आयसीयूत होती, काल घरी आली, एवढंच बोलले आणि पाचशेची नोट टाकून खाली बसले. त्या महिन्यात ते दर बुधवारी आमच्या शेजारी बसून वरणभात जेवले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या घरी रोज कोणी ना कोणी फोन करत होतं. यातलं खिदळणं कुठलं ते मला दाखवा.

डब्यातले पैसे वर्षाअखेरी मोजले जातात आणि जवळच्या एका रात्रशाळेतल्या मुलांच्या नाश्त्याला जातात. दिवसभर काम करून येणारी ती मुलं उपाशीपोटी वर्गात बसायची.

आपण लिहिता की ही मौजमजा सेवेच्या नावाखाली घुसवलेली आहे. इतिहास बरोबर उलटा आहे. रोटरीचा संस्थापक पॉल हॅरिस हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढलेला वकील. १८९६ मध्ये तो शिकागोला आला. धंदा बरा चालला, पण त्या अफाट शहरात रविवारी बोलायला माणूस नव्हतं. १९०० मध्ये एका वकील मित्राकडे तो जेवायला गेला. नंतर दोघे फिरायला निघाले, तर मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावाने हाक मारत होता आणि ते त्याला. हॅरिसला गावाची आठवण झाली. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी, असे चौघे त्या अभियंत्याच्या कचेरीत जमले. पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत भेटू लागले. तिथे सेवा नव्हती, प्रकल्प नव्हता, बॅनर नव्हता. मैत्री होती, आणि खरं सांगायचं तर एकमेकांना धंदा देणं होतं. पाचवा आला हॅरी रगल्स, माझ्यासारखाच छापखानेवाला. मीटिंग मरगळली की हा उठायचा आणि सगळ्यांना गाणी म्हणायला लावायचा. रोटरीत गाणं आलं ते त्याच्यामुळे. मग १९०७ मध्ये याच मंडळींनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट सुरू केली. ते रोटरीचं पहिलं लोकोपयोगी काम. म्हणजे आधी दोन वर्षं एकत्र बसले, गायले, हसले, आणि मग शहराचं काम हाती घेतलं. क्रम हा आहे.

कोणी म्हणेल शिकागोचं आम्हाला काय. तर पोलिओचं घ्या. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ प्लस ही जगभरातून पोलिओ हटवायची मोहीम सुरू केली. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आमच्या क्लबकडे मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमधले बूथ असायचे. सकाळी बर्फाच्या पिशव्या घातलेली निळी पेटी यायची. लस उष्णतेने खराब झालेली नाही ना हे कळायला बाटलीवरच्या गोलातला चौकोन पांढरट आहे ना हे तपासायचं, दोन थेंब, आणि डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी खूण. दुपारी उन्हात गल्ल्यांतून फिरून राहिलेली पोरं शोधायची. मुख्य श्रेय आरोग्य खात्याच्या बायकांचं, अंगणवाडी सेविकांचं. ते मी कधीच नाकारलेलं नाही. पण सुटीच्या दिवशी नाल्याकाठच्या गल्लीत कोण येतं? परिपत्रक वाचून कोणी येत नाही. बुधवारी शेजारी बसणारा म्हणतो, “रविवारी सातला तुला घ्यायला येतो,” म्हणून माणूस येतो. आपण नाही गेलो तर पुढच्या बुधवारी डबा आपल्यापुढे येणार हे त्याला माहीत असतं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतरच्या बुधवारी आमच्या हॉलमध्ये जी टाळी पडली ती आपण ऐकली असतीत तर ‘पोरकटपणा’ हा शब्द आपल्या तोंडून निघाला नसता.

‘वरच्या वर्गाचे चोचले’ याबद्दल मला स्वतःविषयी लिहावं लागतंय. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी परत आली नाही. आई खानावळीचे डबे करायची, मी सायकलवरून पोचवायचो. शिकता शिकता एका प्रेसमध्ये उभा राहिलो आणि पुढे कर्ज काढून कुर्ल्यात भाड्याच्या गाळ्यात एकरंगी ऑफसेट छपाईचं मशिन टाकलं. मला कागद देणाऱ्या व्यापाऱ्याने क्लबमध्ये नेलं. पहिले काही महिने मी शेवटच्या टेबलावर दाराजवळ बसायचो, कारण माझं इंग्रजी कच्चं होतं आणि बूट जुने होते. तिथून मला उठवलं ते सार्जंटच्या दंडाने. ज्यांच्यात बसायचं धैर्य मला झालं नसतं, त्यांच्यात मला हसत हसत ढकललं गेलं. हे चोचले?

२६ जुलै २००५, मंगळवार. मिठी नदीचं पाणी गाळ्यात शिरलं. मशिनची मोटर बुडाली. खालच्या थप्पीतले कागदाचे रीम भिजून असे फुगले की पट्ट्या तुटल्या. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, मीटिंग होणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी आमच्यातले एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार गुडघाभर चिखलातून चालत आले. सोबत त्यांचा कारागीर. काही न बोलता मोटर खोलली, गोड्या पाण्याने धुतली, वाइंडिंग भट्टीत सुकवायला घेऊन गेले. कागदवाल्याने दिवाळीपर्यंत पैशाचं नाव काढलं नाही. सर्वेअर यायच्या आत फोटो कसे काढायचे, यादी कशी करायची, हे विम्याचं काम करणाऱ्या तिसऱ्या मित्राने समजावलं. यातल्या एकाशीही माझं कामाचं नातं मैत्रीच्या आधीचं नव्हतं, कागदवाला सोडला तर. बाकी दोघांना मी ओळखत होतो ते फक्त बुधवारच्या जेवणामुळे, दंडामुळे, एकमेकांच्या टिंगलटवाळीमुळे. आपण ज्याला खिदळणं म्हणता त्यामुळे माझा छापखाना उभा राहिला आणि त्यावर आज चार घरं चालतात.

म्हणूनच २०१६ मध्ये रोटरीने क्लबांना महिन्यात दोनच मीटिंगा घ्यायची मुभा दिली तेव्हा मी आमच्या क्लबात दर आठवड्याच्या बाजूने भांडलो. आजही भांडेन. २०२० मध्ये सगळं झूमवर गेलं. वक्ते मोठमोठे मिळाले, भाषणं उत्तम झाली, आणि लोक कॅमेरा बंद करून बसले. कोणाच्या घरात काय चाललंय ते कळेना. एप्रिल २०२१ मध्ये रात्री दोनला ऑक्सिजनसाठी फोन करायची वेळ आली, तेव्हा मी फोन केले ते झूमवर भेटलेल्यांना नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या ताटातला पापड उचलला होता त्यांना केले, आणि त्यांनी उचलले.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. जेवणाचे पैसे शाळेला द्या म्हणता, तर आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या ताटाचे पैसे स्वतःच्या वर्गणीतून भरतो. घरी जेवला असता तरी जेवलाच असता. देणगीचा पैसा ट्रस्टच्या वेगळ्या खात्यात असतो आणि त्याचं ऑडिट होतं. ते बाहेर का टाकत नाहीत हे विचारायला ही जागा नाही. महिलांबद्दल म्हणाल तर रोटरीने १९८९ मध्ये नियम बदलून त्यांना सदस्यत्व खुलं केलं आणि आमच्याकडे त्यानंतर महिला अध्यक्ष झाल्या आहेत. तो विषय संपला. वर्गणीबद्दल इथे अनेकदा चर्चा झाली आहे, जुन्या लेखांखाली पाहा. फोटोंचं म्हणाल तर फोटो सगळेच काढतात.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पण एक विनंती आहे, आणि ती मी गांभीर्याने करतो आहे. आमचे सार्जंट हा ब्लॉग वाचतात. त्यांनी आपली प्रतिक्रियाही वाचली. काल त्यांचा फोन आला. या वर्षी डबा दुसऱ्या कोणाकडे दिला तर बरं होईल का, असं विचारत होते. मी नाही म्हणून सांगितलं. ‘पोरकटपणा’ हा एक शब्द आपण मागे घ्यावा. बाकीची टीका तशीच राहू द्या, तिच्यावर आपण पुन्हा भांडू.