तो लाल पट्टा चक्रीवादळाचा नाही

ऐन जुलैत आमच्या सत्तरी तालुक्यात फोनाफोनांवर एक नकाशा फिरला. गोव्यावर लालभडक पट्टा, किनाऱ्याकडे धावणारे बाण आणि खाली मजकूर: ‘चक्रीवादळ थेट गोव्यावर येतंय, हवामान खातं लपवतंय.’ माझ्या मावशीने घाबरून दोन दिवस मुलांना शाळेत धाडलं नाही, म्हणून हे लिहितोय.

लाल म्हणजे वादळ, हा पहिला दावा. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘८५० हेक्टोपास्कल’ लिहिलंय. हे हवेच्या दाबाचं माप, आणि वर जावं तसा दाब कमी होतो. म्हणजे लाल रंगातला हा जोराचा वारा जमिनीलगतचा नाही, साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा. मॉन्सून जोरात असला की तिथे पश्चिमेचा वारा ताशी ६० किलोमीटरच्या घरात असतो. तोच समुद्रावरची वाफ घेऊन येतो, सह्याद्रीला अडून वर चढतो, थंड होतो आणि वाळपईला झोडपून काढतो. आपली भातशेती याच वाऱ्यावर उभी आहे! मावशीला अंगणात नेऊन दाखवलं: वर ढग सुसाट पूर्वेकडे पळत होते, खाली कुळागरात पोफळीचे शेंडे नुसते डुलत होते. मग त्याच नकाशावर उंची बदलून जमिनीलगतचा वारा लावला, तर लाल रंग गेलाच.

दुसरा दावा बाणांचा. बाण वाऱ्याची दिशा दाखवतात, वादळाचा मार्ग नव्हे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे नकाशावर बाणांचा भोवरा दिसतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब, म्हणजे वादळाचं केंद्र, साधारण डाव्या हाताला येतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या पश्चिमेला समुद्रातून उत्तरेकडे सरकलं. आपल्याकडे झाडं, विजेचे खांब आडवे झाले, पण ते जमिनीवर चढलं १७ मे रोजी गुजरातेत. या नकाशात भोवरा नाहीच, सगळे बाण पश्चिमेकडून पूर्वेला.

शिवाय जुलैत अरबी समुद्रात चक्रीवादळ सहसा होतच नाही. खाली पश्चिमेचा वारा आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा, तोही जोराचा. या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणून आपली वादळं मे-जूनमध्ये, नाहीतर पाऊस सरल्यावर.

राहिलं लपवण्याचं. उपग्रहाची चित्रं कुणालाही फोनवर बघता येतात. त्या दिवशीचं मीही उघडलं होतं: किनाऱ्यालगत ढगांचा लांब पट्टा होता, गरगरणारा गोळा कुठेच नव्हता.