झोन्युलिन वाढलं म्हणजे आतडं गळतंय? कोण म्हणालं?

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. "आयबीएस म्हणजे दुसरं काही नाही, आतडी गळतायत. झोन्युलिनची ब्लड टेस्ट करा, आकडा वाढला की लीकी गट (गळकं आतडं) पक्कं, मग गहू बंद आणि ग्लुटामाइनची पावडर चालू." मी स्वतः दहा वर्षं आयबीएसवाला, म्हणजे सतत पोटदुखी आणि जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ असलेला, एसटीत चढायच्या आधी स्टँडवरचं संडास कुठाय ते बघणारा, त्यामुळे असलं काही वाचलं की गप्प बसवत नाही.

आतडी गळतात हे अगदीच खोटं नाहीये हां. कॅनडात वॉकर्टन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात जंतू गेले, गावभर जुलाब लागले, आणि नंतर ज्यांना आयबीएस झाला त्यांची लघवीची टेस्ट केली, म्हणजे लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल अशा दोन साखरा पाजायच्या आणि लघवीत किती उतरतात ते मोजायचं. शंभरातल्या साधारण ३६ जणांची आतडी जास्त झिरपत होती. पण त्याच गावात आयबीएस नसलेल्यांतही शंभरात १९ जणांची झिरपत होती की! आणि आयबीएसवाल्यांतल्या उरलेल्या ६४ जणांचं काय, त्यांचं पोट उगाच दुखत होतं का?

आता झोन्युलिन. इथे खरी गंमत आहे. २००० साली फसानो नावाच्या डॉक्टरांच्या टीमने कॉलऱ्याच्या जंतूचं विष अभ्यासताना हे शोधलं, आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करणारं प्रोटीन. २००९ ला त्यांनीच सांगितलं की हे म्हणजे प्री-हॅप्टोग्लोबिन-२, हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रोटीनचं आधीचं रूप. ठीक. पण हे प्रोटीन सगळ्यांच्यात बनतच नाही, ज्यांच्याकडे त्या जीनचा दुसराच प्रकार आहे ते लोक ते बनवूच शकत नाहीत. आणि २०१८ ला जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की झोन्युलिन मोजायचं लोकप्रिय किट अशा लोकांच्या रक्तातही आकडा दाखवतं, कारण ते प्री-हॅप्टोग्लोबिन-२ पकडतच नाही, भलतीच प्रोटीनं पकडतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तर त्या रिपोर्टमधला आकडा नक्की कशाचा?

एलबीपी वगैरे बाकीचेही मार्कर, म्हणजे गळतीची खूण म्हणून रक्तात मोजायची प्रोटीनं, मेसेजमध्ये कोंबलेत. एलबीपी लिव्हर बनवतं आणि जंतुसंसर्ग कुठलाही असो, वाढतं. आय-एफएबीपी आतड्याच्या पेशी मेल्या की रक्तात येतं, सांधे सैल झालेत का हे त्यावरून कसं कळणार.

ग्लुटामाइनचा अभ्यास मात्र खरा आहे, नाकारत नाही. अमेरिकेत झाला, रोज तीनदा ५ ग्रॅम, आठ आठवडे, सुमारे ८० टक्के लोकांना बराच आराम, खोट्या पावडरवर जेमतेम ६. पण ते सगळे इन्फेक्शननंतरचे जुलाबवाले आयबीएस पेशंट, आतडी झिरपतात हे आधी तपासून घेतलेले, तेही शंभरेक जण. मला बद्धकोष्ठ, मी कशाला पैसे घालू?

आणि गव्हाचं. कितीतरी आयबीएसवाल्यांना गहू सोडून बरं वाटतं, पण बऱ्याचदा ते गव्हातल्या फ्रुक्टॅन नावाच्या न पचणाऱ्या कर्बोदकामुळे, ज्याने गॅस होतो, त्यासाठी आतडं गळायला लागत नाही. काकूंनी परवा मेसेज वाचून पोळी सोडली, आता डॉक्टर म्हणतात सिलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी ही ब्लड टेस्ट करायची तर परत काही आठवडे पोळी खा, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. काकू वैतागल्यात, मेसेज पाठवणारे मामा दोन दिवस ग्रुपवर ऑफलाइन.