‘घरबसल्या’ लिहिलेल्या लेखाबद्दल माद्रिदकरांना उत्तर

माद्रिदकर,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर भाषा जरा वेगळी झाली असती, म्हणून तीन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पॅनिश मालिकांच्या, म्हणजे मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या ‘टेलेनोव्हेला’ नावाच्या रोजच्या मालिकांच्या, जागतिक धंद्यावरच्या माझ्या लेखाखाली स्पेनच्या राजधानीत राहणारे हे गृहस्थ म्हणतात: “ताई, लेख घरबसल्या लिहिल्यासारखा वाटतो. टेलेनोव्हेला जगभर गेल्या कारण त्या स्वस्त होत्या, बस. जस्सीचं मूळ मेक्सिकोचं नाही, कोलंबियाचं. स्पेनला तुम्ही दोन ओळींत गुंडाळलंत. आणि तुर्की मालिकांनी लॅटिन अमेरिकेतच टेलेनोव्हेलांचं दुकान बंद पाडत आणलं, त्याबद्दल अवाक्षर नाही.”

चुकीपासून सुरुवात करते, म्हणजे मी चुका मान्य करत नाही असं कोणी म्हणायला नको. ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही आपली हिंदी मालिका ज्या मालिकेवरून घेतली ती ‘यो सोय बेत्ती, ला फेआ’ कोलंबियाची. आरसीएन वाहिनीवर ती १९९९ साली सुरू झाली, लेखक फेर्नांदो गाइतान. मी मेक्सिको लिहिलं. मेक्सिकोने तिची स्वतःची आवृत्ती नंतर, २००६ मध्ये काढली, ती डोक्यात होती. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘ताई’. ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच श्वासात ‘घरबसल्या’ म्हणायचं, ही कुठली रीत? घरबसल्या म्हणजे काय? मी चौदा वर्षं स्पॅनिशमधून सबटायटल्स करते आणि हो, घरीच बसून करते. जगातले बहुतेक सबटायटलकार घरीच बसून करतात. त्यासाठी माद्रिदला फ्लॅट घ्यावा लागत नाही. आणि माद्रिदला राहून मेक्सिकोच्या टेलेनोव्हेलाचा धंदा कळत असेल, तर दिल्लीत राहून तमाशाचा फडही कळायला हरकत नाही.

“स्वस्त होत्या, बस.” या ‘बस’वर माझा खरा आक्षेप आहे. स्वस्त होत्या हे मी कुठे नाकारलं? का स्वस्त होत्या, एवढंच तर लेखात होतं. तेलेविसा या मेक्सिकोच्या टीव्ही कंपनीची मालिका मेक्सिकोत दोन नंबरच्या वाहिनीवर रोज लागायची आणि तिथल्या जाहिरातींतच तिचा खर्च निघायचा. मग अमेरिकेतला स्पॅनिश बोलणारा प्रेक्षक. १९९२ साली युनिव्हिजन ही तिथली स्पॅनिश वाहिनी विकली गेली तेव्हा घेणाऱ्यांमध्ये तेलेविसा आणि व्हेनेझुएलाची व्हेनेव्हिसिओन दोघेही होते, आणि मालिका पुरवण्याचा दीर्घ करार सोबत आलाच. म्हणजे तिसऱ्या देशात टेप पोचेपर्यंत ती मालिका घरचा हिशेब मिटवून मोकळी झालेली असायची. त्यापुढे जे येईल ते वरचं. तासाच्या दराने विकायची, आणि दर गिऱ्हाईक बघून ठरवायचा. मोठ्या देशाला एक भाव, शेजारच्या लहान देशाला दुसरा. मंडईत सकाळची आणि रात्री साडेआठची कोथिंबीर एकच असते, भाव एक असतो का? या तयार मालाला त्या धंद्यात ‘लाता’ म्हणतात, म्हणजे डबा. डबाबंद माल. हा शब्द मी घरबसल्याच शिकले.

बरं, स्वस्त म्हणून वाहिनीने डबा घेतला हे समजू शकतं. पण प्रेक्षकाला तो कितीला पडला हे कुठे माहीत असतं? ‘लोस रिकोस ताम्बिएन योरान’ ही मेक्सिकोची १९७९ची मालिका. रशियात ती लागली १९९१च्या शेवटी, म्हणजे बारा वर्षांची शिळी. सोव्हिएत संघ मोडत होता, दुकानं रिकामी होती, आणि लोक नायिकेचं, वेरोनिका कास्त्रोने केलेल्या मारियानाचं, काय होतं ते बघायला घरी पळत होते. १९९२ साली ती बाई मॉस्कोला गेली तेव्हा झालेली गर्दी स्वस्ताईने जमवली होती का? आणि त्याआधी ब्राझीलची ‘एस्क्रावा इझाउरा’ चीनमध्ये आणि पोलंडमध्ये असंच वेड लावून गेली होती. ती तर पोर्तुगीज, ग्लोबो या ब्राझीलच्या टीव्ही कंपनीची, आणि ग्लोबो खर्चाला मागेपुढे पाहणारी नव्हे. स्वस्ताई एवढंच कारण असतं तर तिचं काय करायचं?

माझ्या मते दोन गोष्टी तुमच्या ‘बस’खाली दबल्या. एक म्हणजे टेलेनोव्हेला संपते. शंभर-दोनशे भागांनी का होईना, पण शेवट ठरलेला असतो. त्यामुळे परदेशी वाहिनीला किती महिन्यांचा माल घेतोय ते आधी कळतं. आपल्याकडे नायिकेची नातसून आली तरी मालिका चालूच. असा डबा कोण विकत घेणार, झाकणच लागत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. मेक्सिकोच्या मालिकांनी बोलीचे कंगोरे घासून असं स्पॅनिश केलं की लीमापासून लॉस एंजेलिसपर्यंत कुणाला अडू नये. बोगोटाने, म्हणजे कोलंबियाच्या राजधानीने, तसं केलं नाही, आणि तरी बेत्ती चालली. तिथे जिवलग माणसंही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, आपल्या ‘तुम्ही’सारखं. बेत्तीचे काही भाग मी सरावासाठी मराठीत केले होते तेव्हा चार दिवस या एका सर्वनामावर अडकले होते. ‘तुम्ही’ लिहिलं की दुरावा वाटतो, ‘तू’ लिहिलं की बोगोटाच पुसली जाते. शेवटी माझी आजी आजोबांना ज्या सुरात ‘अहो’ म्हणायची तो सूर आठवला आणि वाक्य सुटलं. लेखात हे सगळं होतं. तुम्ही ‘बस’पर्यंतच वाचलंत बहुधा.

आणि स्वस्त म्हणजे किती स्वस्त, तेही ऐका. माझ्या सुरुवातीच्या काळात एका स्टुडिओने एक जुनी लॅटिन अमेरिकन मालिका हिंदी डबिंगसाठी जवळजवळ फुकटात उचलली. फाइल्स आल्यावर कळलं की संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅकच नाही. संवाद काढला की दारही गप्प, चमचाही गप्प. एका जेवणाच्या प्रसंगासाठी दोन मुलगे आख्खी दुपार स्टीलच्या ताटात वाटी आपटत बसले होते. मेक्सिकोतल्या बंगल्यात चिनी मातीच्या बशा, आणि आवाज आपल्या खानावळीचा! सहा भागांनंतर काम गुंडाळलं, माझे दोन महिन्यांचे पैसेही त्यातच बुडाले. तेव्हा स्वस्ताईबद्दल मला शिकवू नका.

राहिला मेक्सिको. तुम्हाला वाटतं आपला आणि टेलेनोव्हेलांचा संबंध जस्सीपासून सुरू होतो. वसंत साठे, आमच्या वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री, १९८२ साली मेक्सिकोला जाऊन आले. तिथे मिगेल साबिदो नावाचा माणूस टेलेनोव्हेलातून साक्षरता आणि कुटुंबनियोजन शिकवत होता. ‘बेन कोन्मिगो’ ही त्याची साक्षरतेची मालिका १९७५ची. साठ्यांनी डबे आणले नाहीत, पद्धत आणली, आणि ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशींचं. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे ना, ती पुरवणीही साबिदोच्या पद्धतीतलीच. नागपुरात महालातल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, घरमालकांचा. मी नऊ वर्षांची, उंबऱ्यावर बसून बघायचे, कारण आत जागा नसायची. सुरुवातीचे भाग उपदेशाचे होते, माझी आई स्वयंपाकघरात निघून जायची. उपदेश कमी झाला तशी ती बाहेर येऊन बसायला लागली. म्हणजे डबे स्वस्तात मिळत असताना आपण घेतले नाहीत, हे उदाहरण माझ्या घरातलंच आहे. तुमच्या एका ओळीच्या सिद्धांतात ते कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

स्पेनबद्दल: दोन ओळी होत्या कारण लेख टेलेनोव्हेलावर होता. ‘ला कासा दे पापेल’, म्हणजे ‘मनी हाइस्ट’, २०१७ साली तिथल्या आन्तेना त्रेस वाहिनीवर लागली, तिथे प्रेक्षक गळत गेले, मग नेटफ्लिक्सने घेऊन भाग नव्याने कापले आणि ती जगभर गेली. हे सगळ्यांना माहीत आहे, माद्रिदला न जाता.

तुर्कीबद्दल: हो, चिलीमध्ये २०१४ साली मेगा वाहिनीने ‘बिनबिर गेजे’ ही तुर्की मालिका लावली आणि त्यानंतर त्या खंडात तुर्की मालिकांची रांग लागली. त्या तर स्वस्तही नव्हत्या पुढेपुढे, म्हणजे तुमच्या मुद्द्याच्याच विरुद्ध जातं हे. बाकी तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि एका लेखात सगळं जग मावत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेला सव्वीस जणांनी अंगठे दिलेत, त्यातले दोघे माझे चुलतभाऊ आहेत. त्यांच्याशी मी घरी बोलेन. काल रात्री तुम्ही नुसता हसरा चेहरा टाकून जी दुसरी प्रतिक्रिया पाठवलीत ती मी प्रकाशित केलेली नाही.